ओकच्या डेकची शेवटची फळी

१

अलकनंदाबाई देशकर पडल्या तेव्हा त्यांच्या हातांत सुनेच्या ओल्या कपड्यांची टोपली होती.

आयर्लंडमधल्या डून लेरीतलं त्यांच्या मुलाचं घर उतारावर होतं. रस्त्यावरून बैठं दिसायचं, मागच्या बागेतून दुमजली. स्वयंपाकघराचं दार उघडलं की ओक लाकडाच्या फळ्यांचा ऐसपैस ओटा, म्हणजे डेक, त्याच्या टोकाला बागेत उतरणाऱ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आणि खाली कपड्यांची दोरी. पायरी उतरण्याआधी डेकच्या शेवटच्या फळीवर पाय पडायचाच. या फळीची पुढची बाजू आधाराबाहेर, पायरीवर झुकलेली होती. बाईंनी तिच्यावर भार टाकला, फळी मागून उचकटली, आणि कठडा धरायला हात मोकळा नव्हता. नागपूरहून मुलाकडे पाहुणी म्हणून आलेली ती बाई दगडी पायऱ्यांवरून खाली गेली, ती पुन्हा बोलली नाही.

गार्डा, म्हणजे इथले पोलिस, येऊन पाहून गेले. फळीचे स्क्रू गंजलेले आणि आखूड होते, हाताने ओढले तरी निघतील असे. सुताराने हलका माल वापरला, त्यातून अपघात झाला, असं त्यांचं मत पडलं.

सुताराच्या विमा कंपनीने शर्वाणी मोहरीलला पाठवलं. कोसळलेल्या छपरांकडे आणि खचलेल्या जिन्यांकडे पाहून दोष कुणाचा हे सांगणं, हा तिचा व्यवसाय. मूळची अमरावतीची; लाकडाच्या बांधकामाचा अभ्यास करायला इथे आली, शिक्षण संपवून ल्यूकनला स्थायिक झाली. ज्या घरात तपासाला जायची तिथलं पाणीही ती घेत नसे. ऑफिसातले लोक तिला कोरडी म्हणत, आणि तिला ते मान्य होतं.

सुतार डोनल क्विर्क डेकवर उभा होता. धिप्पाड माणूस, पण आवाज बसलेला.

"मी इथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू लावले होते. सगळ्या डेकला. या फळीलाही."

"सगळे सुतार असंच सांगतात," शर्वाणी म्हणाली.

"माझ्या हातून एक म्हातारी मेली असं लोक म्हणतायत. माझी बायको दुकानात गेली की बोलणं थांबतं."

शर्वाणीने खिशातून भिंग काढलं. ती गुडघ्यांवर बसली. डेक दोन वर्षांचा होता. उन्हापावसाने त्याला ओकचा तो चंदेरी रंग आला होता, आणि बाकीच्या फळ्यांत स्क्रू चकचकीत होते. गंज होता तो फक्त या एका फळीच्या स्क्रूंवर. तिने फळी उचलून उजेडात धरली. स्क्रूंच्या भोकांभोवतीचं लाकूड तिने अंगठ्याने चोळलं, मग भिंग लावून पाहिलं.

"ही फळी तुम्ही बसवलेलीच आहे? बदललेली नाही?"

"तीच आहे. तिला मधोमध गाठ आहे. कडेला नको म्हणून मी तिथे वळवून लावली होती."

भोकांभोवतीचं लाकूड स्वच्छ होतं. चंदेरी, एकसारखं, कुठेही डाग नाही.

"म्हणजे माझी चूक नाही?" डोनलने तिच्या चेहऱ्याकडे पाहत विचारलं.

"तुमची असती तर बरं झालं असतं," शर्वाणी म्हणाली.

२

रविकांत देशकर एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होता. दिवाणखान्यात तो बंद लॅपटॉपसमोर बसला होता, दाढी वाढलेली.

"डेकसाठी ओक कुणी निवडला?" शर्वाणीने विचारलं.

"उर्मिलाने. माझी बायको." तो थकून हसला. "मी कॉम्पोझिट म्हणत होतो. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, एकदा बसवलं की विसरून जा. पण तिला प्रत्येक गोष्टीचा अभ्यास करायचा असतो. पाइनवर इथल्या ओलीत शेवाळ धरतं, पाय घसरतो. कॉम्पोझिटचे खालचे आधार जवळजवळ लावले नाहीत तर ते वाकतं. समुद्राच्या वाऱ्यात हे टिकत नाही नि ते टिकत नाही. महिनाभर जेवणाच्या टेबलावर नमुन्यांचे तुकडे पडलेले. शेवटी मी हेडफोन घालून बसायला लागलो. म्हटलं, घे बाई तुला हवं ते. लाकूड ते लाकूड."

"या फळीचे स्क्रू गंजलेत हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं?"

"कितीतरी वेळा. पहिल्याच हिवाळ्यात गंजले होते. डोनलला फोन करू करू म्हणत राहून गेलं." त्याचा आवाज फाटला. "केला असता तर आई आज असती, मॅडम."

तो रडायला लागला. शर्वाणी पाहत राहिली. नुकसानभरपाईसाठी रडणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. हे रडणं तसलं नव्हतं, खरं होतं.

ती उठली तेव्हा तो डोळे पुसत म्हणाला, "मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण कुशलशी बोला. माझा चुलतभाऊ, आमच्याकडेच राहतो. बागेतली जुनी शेड त्याने मोडली. त्यातले गंजके स्क्रू डबा भरून ठेवलेत त्याने. घरात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरणारा तोच एक."

"त्याचं आणि तुमच्या आईचं भांडण होतं?"

"आईशी नाही. माझ्याशी. मी त्याला घर सोडायला सांगितलंय."

गॅरेजमधला तो डबा शर्वाणीने उघडून पाहिला. आतले स्क्रू आणि फळीतले स्क्रू एकाच जातीचे होते.

३

कुशल इथेच शिकून आता नोकरीला लागला होता. गॅरेजच्या दारात तो उभा राहिला तेव्हा त्याच्या उजव्या मनगटाला पट्टी होती, आणि नजर डब्यावर.

"डबा माझाच आहे, ताई," तो म्हणाला. "मला अटक होईल का?"

"स्क्रू इथून गेले एवढं कळलं. कुणी नेले ते कळलेलं नाही. रविकांतने तुला घर सोडायला का सांगितलं?"

कुशल घुटमळला. "मी वहिनीची बाजू घेतली म्हणून. तिला ॲथलोनला नोकरी मिळाली होती. ती तिकडे वेगळी राहायला जाणार होती. कायमची. मोठी आई नागपूरला परत गेल्या की निघायचं, असं तिने दादाला सांगून टाकलं होतं." अलकनंदाबाईंना तो मोठी आई म्हणायचा. "दादा म्हणाला, आमच्या घराण्यात बायका मरतात, नवरा सोडून जात नाहीत."

"असंच म्हणाला?"

"तो रागात काहीही बोलतो. आम्ही मनावर घेत नाही."

शर्वाणीने फळी त्याच्यासमोर धरली. "हे स्क्रू पाहून तुला काय दिसतं?"

कुशलने फळी हातात घेतली, तिरकी केली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे काळं का नाही पडलं?"

"पडायला हवं होतं?"

"म्हणजे काय. वहिनीने करून दाखवलं होतं ना. लाकूड ठरवत होते तेव्हा. डोनल एकदा म्हणाला होता की स्टेनलेस महाग पडतात, साधे लावू का. तर तिने ओकचा तुकडा ओला करून त्यावर साधा लोखंडी खिळा आणि एक स्टेनलेस स्क्रू ठेवला, खिडकीत. सकाळी खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखं काळंनिळं झालं होतं. ओकमध्ये टॅनिन असतं, पाणी लागलं की लोखंडाशी त्याचं होतं तसं. मोठी आई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होत्या. त्या म्हणाल्या, अगं, ही तर हिरड्याची शाई. त्यांच्या वडिलांकडे हिरडा आणि लोखंडाचा कीस भिजवून शाई करायचे."

"हे पाहायला कोण कोण होतं?"

"सगळे. डोनल, मी, वहिनी. मोठी आई फोनवर."

"रविकांत?"

"दादा पण होता. टेबलाशीच." कुशल थांबला. "हेडफोन घालून."

शर्वाणीने फळी परत घेतली. इथल्या पावसात ते स्क्रू दोन वर्षं असते तर भोकांभोवती शाईचे ओघळ उतरले असते. पहिल्या हिवाळ्यात कुणाला ते गंजलेले दिसलेच असते, तर काळ्या डागात दिसले असते. हे स्क्रू आधीच गंजलेले असताना इथे बसवले होते, आणि बसवल्यानंतर पाऊस पडला नव्हता. गेले काही दिवस आकाश कोरडं होतं. आयर्लंडमध्ये असं ऊन पडलं की लोक कामधाम सोडून बाहेर बसतात.

"त्या सकाळी काय झालं ते सांग."

"वहिनीने कपडे आतच स्टँडवर घातले होते. दादा म्हणाला, बाहेर एवढं ऊन आहे आणि कपडे आत कसले वाळवतेस. दोनदा म्हणाला. मोठ्या आईंना वाटलं आता तो चिडणार. त्या म्हणाल्या, असू दे रे, ती दमली असेल, मी घालते." कुशलने खाली पाहिलं. "गुडघ्यांमुळे त्या पायऱ्यांनी कधी खाली उतरल्या नव्हत्या. दादा आतल्या खोलीत कॉलला गेला. मी आंघोळीला चाललो होतो. मग आवाज आला."

"आणि मनगट?"

"धावलो ना. त्याच पायऱ्यांवरून. फळी लटकत होती, दिसलीच नाही. मीही गडगडलो."

शर्वाणीने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू त्याच पायऱ्यांवरून धावलास."

"मग आणखी कुठून धावणार?"

"बाकीचे कुठून आले?"

"मला नाही माहीत, ताई. मी मोठ्या आईंचं डोकं धरून बसलो होतो."

४

शेजारच्या मिसेस टिअर्नी कुंपणापाशी गुलाब छाटत होत्या. अँब्युलन्स त्यांनीच बोलावली होती.

"भली बाई होती," त्या म्हणाल्या. "भाषा येत नव्हती, पण रोज डेकवरून मला हात करायची. मला एकदा तिळाचा लाडू दिला. दात दुखले, पण ग्रँड होता."

"तुम्हाला पडताना दिसली?"

"आवाज ऐकला. वळले तर टोपली अजून गडगडत होती. ते तरणं पोर पायऱ्यांवरून झेपावत आलं, स्वतः मरता मरता वाचलं. मग तो नवरा आला. बाजूच्या बोळातून, फाटक उघडून." त्यांनी कात्री बंद केली. "मला त्याचा राग आला, खरं सांगते. आई दगडावर पडलीय आणि हा घराला वळसा घालून येतोय."

शर्वाणीने मान हलवली. तिला हेच ऐकायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून फळी उलटलेली दिसत नव्हती. कुशललाही दिसली नव्हती. घाबरलेला माणूस जवळच्या वाटेने धावतो. ती वाट धोक्याची आहे हे ज्याला आधीच ठाऊक असतं, तोच वळसा घालतो.

"आणि उर्मिला नंतर पायऱ्यांवरून आली?"

"नाही," मिसेस टिअर्नी म्हणाल्या. "तीही बोळातूनच. आधी मी तिला खिडकीत पाहिलं होतं, सिंकपाशी. दार तिच्या हाताशी होतं. पण ती उलटी फिरली, पुढच्या दाराने बाहेर पडली आणि बोळातून आली." त्यांनी कात्रीने दोरीकडे खूण केली. "तसंही तिचं काहीतरी बिनसलं होतं. एरवी ऊन पडलं की सगळ्यांआधी तिचे कपडे दोरीवर. या वेळी इतकं सुंदर ऊन, वारा, आणि तिची दोरी रिकामी. मला वाटलं, आजारी आहे."

शर्वाणी कुंपणाला धरून उभी राहिली. गुन्हेगार एक होता. माहिती दोघांना होती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. रविकांत, उर्मिला, कुशल, डोनल, आणि तिच्या विनंतीवरून आलेली गार्डा सार्जंट नीव ब्रॅडी. सार्जंटने आधीच बजावलं होतं, लाकडाच्या रंगावर ती कुणाला पकडणार नाही.

उर्मिला सडपातळ, शांत बाई होती. तिने सर्वांसमोर चहा ठेवला. शर्वाणीचा तसाच राहिला.

"हे स्क्रू अपघाताच्या काहीच दिवस आधी बसवले गेले," शर्वाणी इंग्रजीत म्हणाली. लोखंड, ओक आणि पावसाची हकिकत तिने थोडक्यात सांगितली. "ज्याने बसवले त्याला डोनलवर आळ आणायचा होता. सुताराने स्वस्त स्क्रू लावले, ते गंजले, फळी सुटली. पण हे नाटक ओकमध्ये चालत नाही. ओक बोलतो. डोनलला ते माहीत आहे. कुशलने प्रयोग पाहिला होता, शिवाय तो त्याच पायऱ्यांवरून धावला. ओक काळा पडतो हे ज्याला माहीत नव्हतं असा या घरात एकच माणूस होता. त्याने मला सांगितलं, पहिल्याच हिवाळ्यात स्क्रू गंजलेले पाहिले. तेव्हा ते स्क्रू या फळीत नव्हतेच."

रविकांतने मान वर केली. "मी माझ्या आईला मारलं, असं म्हणताय तुम्ही?"

"नाही. आई त्या पायऱ्या उतरत नव्हत्या. कुशल बागेत बाजूने ये-जा करायचा. हात टोपलीत गुंतवून रोज त्या फळीवर पाय ठेवणारी इथे एकच बाई होती. तिला मारायला बसवले होते ते."

"हा तर्क आहे." रविकांतचा आवाज स्थिर होता, मीटिंगमध्ये असतो तसा. "माझा समज चुकला असेल. हिवाळ्यात दुसरी फळी पाहिली असेन. सार्जंट, याला पुरावा म्हणतात का?"

सार्जंट ब्रॅडीने आपली वही मिटली. तिच्या चेहऱ्यावरून उत्तर कळत होतं.

पुढे काय करायचं ते शर्वाणीने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. ते बरं नव्हतं हेही तिला कळत होतं. ती मराठीत बोलायला लागली.

"रविकांत, तुमच्या बायकोने ते स्क्रू तुमच्या आईच्या आधी पाहिले. स्वच्छ ओकमध्ये गंजका स्क्रू. तिने एका नजरेत ओळखलं. त्या दिवसापासून ती त्या फळीकडे गेली नाही. ऊन असून कपडे आत वाळत घातले. तुम्ही रोज तिच्या पडण्याची वाट पाहत होतात, आणि ती बसून तुम्हाला वाट पाहताना पाहत होती."

रविकांत हळूहळू उर्मिलाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. ती आपल्या कपाकडे पाहत होती.

"तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

उर्मिलाने कप फिरवून त्याचा कान आपल्याकडे घेतला.

"उर्मिला, तुला माहीत होतं? माहीत होतं तर आईला का जाऊ दिलंस? ते तुझ्यासाठी होतं. आईसाठी नव्हतं. तुला माहीत होतं ना ते तुझ्यासाठी होतं?"

सार्जंट ब्रॅडी पुढे झुकली. "काय म्हणतोय तो?"

मग कुशलने, मनगटाची पट्टी दुसऱ्या हाताने घट्ट धरून, एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. काही गाळलं नाही.

६

रविकांतला नेल्यावर घर रिकामं झालं. डोनल जाताना शर्वाणीचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. उर्मिला कप विसळत होती.

"तुम्ही पोलिसांकडे का गेला नाहीत?" शर्वाणीने विचारलं.

"काय सांगून? नवऱ्याने स्क्रू बदलले?" उर्मिलाने कप पालथा घातला. "वर्षभर तो सगळ्यांना सांगत होता, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मित्रांना, माझ्या माहेरी. त्याच्या आईंनाही. एकट्या त्यांनी ऐकलं नाही."

"फळी तुम्हाला पुन्हा घट्ट करता आली असती."

"मग त्याने दुसरं काहीतरी केलं असतं. ते मला ओळखता आलं नसतं. हे ओळखता येत होतं." ती हे शिकवणी घ्यावी तशा सुरात बोलत होती. "मी उतरत नाही म्हटल्यावर तो बेचैन झाला होता. रोज डेकपर्यंत जाऊन परत यायचा. कधीतरी तो स्वतःच फळी तपासायला पाय ठेवेल, असं मला वाटत होतं. मी तेवढ्याचीच वाट पाहत होते."

"आणि सासूबाईंनी टोपली उचलली."

"हो. मला बोलणी खावी लागू नयेत म्हणून."

"दारापासून फळीपर्यंत जायला त्यांना वेळ लागला असेल. गुडघे दुखायचे ना."

"लागला. मध्ये एकदा थांबल्याही. सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या." उर्मिलाने नळ बंद केला. "तुम्ही विचारणार आहात तेच मी स्वतःला विचारलं, त्या चालत होत्या तेव्हाच. हाक मारली की त्या वळतील. मग मला सांगावं लागेल का मारली. फळी उचलून दाखवावी लागेल. तो म्हणेल, सुताराची चूक. आई सुटकेचा निःश्वास टाकतील, डोनल येऊन स्क्रू बदलेल, आणि सगळं होतं तसं सुरू."

"त्या तर तुमच्या बाजूच्या होत्या."

"हो, होत्या."

"तरी हाक मारली नाहीत."

उर्मिलाने हात पुसले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते लपवायचा प्रयत्नही नव्हता.

"हाक मारली असती तर तो वाचला असता," ती म्हणाली.

बाहेर गाडीत सार्जंट ब्रॅडी वाट पाहत होती. शर्वाणीने तिला सगळं सांगितलं. सार्जंटने ते शांतपणे ऐकलं, मग किल्ली फिरवली.

"एका बाईने कपडे घरात वाळवले आणि तोंड उघडलं नाही, यावरून मी काय लिहू?" ती म्हणाली. "शिवाय ती माझी साक्षीदार आहे."

७

रविकांतला शिक्षा झाली. कुशल ल्यूकनला दोन मित्रांबरोबर राहायला गेला. शर्वाणीला तो कधी बस स्टॉपवर दिसायचा, हात करायचा. उर्मिला ॲथलोनला गेली.

त्यानंतर एका रविवारी दुपारी शर्वाणीला नागपूरहून फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"मी प्रकाशराव देशकर बोलतो. अलकनंदाचा नवरा. कुशलनं तुमचा नंबर देला."

शर्वाणी उभी राहिली.

"घाबरू नका, मले तक्रार करायची नाही. तुमच्यामुळं खरं समोर आलं. पोराचं नाव मी आता घेत नाही. पण सूनबाई रोज फोन करते, बाई. जेवले का, गोळी घेतली का. तिचा फोन आला नाही त मले दिवस उगवल्यासारखा वाटत नाही." ते खाकरले. "ती म्हणते, बाबा, इकडं या, माझ्याकडं राहा. मीच तुमची लेक. मले वाटते जावं. इथं हिची खुर्ची आहे, हिचा चष्मा आहे, दिवसभर तेच पाहत बसतो."

"जी."

"तुम्ही सारं जवळून पाहिलं. माणसं ओळखता. म्हणून तुम्हालेच विचारतो. हिची लई लाडकी होती ती. हिनं शेवटचं काम केलं तेही तिच्यासाठीच. मी येऊ का तिच्यापाशी?"

खिडकीखाली वसाहतीतली मुलं सायकली फिरवत होती. शर्वाणीला दोन शब्द बोलायचे होते, 'या, काका.' तिच्याकडे कुणी कधी दिलाशासाठी येत नसे. माणसं तिला दोष कुणाचा हे विचारायची, आणि ती सांगायची.

"काका, तुम्ही बसलेले आहात का?" तिने विचारलं.

"बसलो ना. काऊन?"

तिने सांगितलं. स्टँडवरचे कपडे, सिंकपाशी उभी सून, सूर्याकडे तोंड करून थांबलेली अलकनंदाबाई, बोळातून घातलेला वळसा. उर्मिलाचं ते शेवटचं वाक्यही. तिने ते सौम्य करून सांगितलं नाही, वाढवूनही नाही.

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"काका?"

"हे तुम्ही मले काऊन सांगतलं, बाई?"

"तुम्ही विचारलंत."

"मी त इतकंच विचारलं होतं," म्हातारा म्हणाला, "का, येऊ का."

फोन त्यांनी ठेवला नाही. बराच वेळ शर्वाणी त्यांचा श्वास ऐकत उभी राहिली, आणि मग तिनेच तो बंद केला.